घोड्याच्या रक्तातलं औषध आणि पीएचसीतली भीती

गेल्या पावसाळ्यात, भाताची लावणी उरकत आलेली तेव्हा, आमच्या काकांना बांधावर घोणस चावली. खानापूर तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण मग दवाखाना कुठला ते लगेच कळेल आणि मला कुणा डॉक्टरकडं बोट दाखवायचं नाहीये. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून अर्ध्या तासात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथं फ्रिजमध्ये एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या बाटल्या होत्या, मी स्वतः बघितल्या, आणि तरी आम्हाला चिठ्ठी मिळाली की बेळगावला न्या. डॉक्टर बाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या, ड्युटीवर एकट्या, सोबत एक सिस्टर आणि एक शिपाई. म्हणाल्या, दादा, मी इथं सुरू केलं आणि रिॲक्शन आली तर श्वास द्यायची मशीन नाही माझ्याकडं. ॲम्ब्युलन्स यायला वेळ, रस्ता पावसानं उखडलेला, पहिली बाटली सलाईनमधून काकांच्या अंगात गेली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते.

काका वाचले. पण तीन आठवडे डायलिसिस झालं, पायाचं कुजलेलं मांस काढावं लागलं, आणि आता ते चिखलात उभे राहू शकत नाहीत, म्हणजे शेती संपली त्यांची.

त्या बाईंचा मला राग आला होता हे खरं आहे, तो बेळगावात पोचेपर्यंत टिकला. तिथं दुसरी बाटली चालू असताना काकांना हुडहुडी भरली, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, आणि मग मांडीत ॲड्रेनलिन, ऑक्सिजन, दोन डॉक्टर, तीन सिस्टर अशी धावपळ झाली. दहा मिनिटांत आवरलं सगळं. पण मी कोपऱ्यात उभा राहून विचार करत होतो की हेच त्या पीएचसीत, लाईट गेलेली असताना, त्या एकट्या पोरीसमोर झालं असतं तर? तिची भीती खोटी नव्हती. जे औषध द्यायचं त्याचीच भीती होती ती.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलोय, तज्ज्ञ नाही मी, पण एक गोष्ट मला आता पक्की वाटते आणि तीच इथं मांडायची आहे. आपल्याकडं लोक दोन वेगळ्या गोष्टी समजतात, एक बंगळूरला लॅबमध्ये चाललेलं अँटीबॉडीवरचं (म्हणजे विषाला धरून निकामी करणाऱ्या प्रोटीनवरचं) संशोधन आणि दुसरी आपल्या गावच्या पीएचसीची अवस्था, आणि मग म्हणतात आधी पीएचसी सुधारा, ते लॅबचं नंतर बघू. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. पीएचसीत बाटली असून ती फोडली जात नाही याचं एक मोठं कारण त्या बाटलीच्या आत आहे, आणि ते लॅबमध्येच दुरुस्त होणार आहे.

बाटलीत असतं काय ते सांगतो. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं करून काही महिने टोचतात, घोड्याचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, मग घोड्याचं रक्त काढून त्यातल्या अँटीबॉडी वेगळ्या करतात, एन्झाइमनं त्यांचं शेपूट तोडतात, वाळवून पावडर करून बाटलीत भरतात. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वातावर जनावराच्या रक्तातून इलाज दाखवला, पुढच्या चारपाच वर्षांत काल्मेतनं तीच युक्ती नागाच्या विषाला लावली. म्हणजे मूळ पद्धत १३० वर्षांची झाली. तिनं लाखो जीव वाचवलेत, माझे काकाही तिनंच वाचवले, तिला नावं ठेवायची नाहीत. पण घोड्याच्या अंगात फक्त विषाविरुद्धच्याच अँटीबॉडी नसतात ना, त्यानं आयुष्यात हुंगलेली धूळ, खाल्लेलं गवत, झालेले आजार, सगळ्याविरुद्धच्या असतात, त्यामुळं बाटलीतल्या प्रोटीनचा थोडाच भाग विषाला धरतो आणि बाकीचा नुसता माणसाच्या रक्तात जातो. परक्या जनावराचं एवढं प्रोटीन एकदम शिरेतून आलं की काहींचं शरीर बिथरतं. काहींना तर आठदहा दिवसांनी ताप आणि सांधेदुखी सुरू होते ती वेगळी.

आणि एक बाटली पुरत नाही. एक मिली औषध घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं असा आपल्याकडचा मापदंड आहे, बाटली १० मिलीची, म्हणजे एका बाटलीत ६ मिलिग्रॅमचा बंदोबस्त झाला. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून पहिला डोसच बहुतेक १० बाटल्यांचा असतो, मूल असो की म्हातारा, कारण सापानं विष वय बघून सोडलेलं नसतं. दहा बाटल्या घोड्याचं प्रोटीन! मग डॉक्टर घाबरणार नाही तर काय करणार.

अजून एक गोष्ट आहे ती खास आपल्या भागाची. बाटलीतलं हे औषध, ज्याला आपण सापाची लस म्हणतो, चार सापांवर बनतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठीचं बहुतेक विष तमिळनाडूतून येतं, महाबलीपुरमजवळ इरुळा आदिवासींची सोसायटी आहे, १९७८ पासूनची, ते लोक साप पकडून विष काढून परत सोडून देतात, फार कसबी काम आहे त्यांचं. पण साप तिकडचे. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची लॅब आहे, त्यांनी दाखवलंय की जात एकच असली तरी भागाभागात विष बदलतं आणि बाजारातली लस सगळीकडं सारखी लागू पडत नाही. २०२५ मध्ये त्यांच्याच गटानं घोणशीच्या विषाचा हवामानाशी संबंध दाखवला, कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रोटीन तोडणारी एन्झाइम जास्त जोमानं काम करतात असं निघालं. आता आपला बेळगाव जिल्हा डोळ्यासमोर आणा. कणकुंबी, जांबोटीकडं पावसानं भिंती शेवाळतात आणि अथणीकडं ढगाची वाट बघत बसायचं, एकाच जिल्ह्यात. दोन्हीकडं घोणस आहे, दोन्हीकडं बाटली तीच. त्यात चोर्ल्याच्या, भीमगडच्या रानात चापडे जातीचे साप आहेत, नाकाड्या चापडा म्हणून एक आहे त्याच्या विषानं किडनी जाते, आणि तो या चौघांच्या यादीतच नाही, त्याच्यावर आपली लस चालत नाही. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलंय?

बरं, मग लॅबवाले काय करायलेत ते बघू.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाईन यांनी उंदराची अँटीबॉडी बनवणारी पेशी एका कॅन्सरच्या पेशीशी जोडली. कॅन्सरची पेशी मरत नाही, वाढत राहते, त्यामुळं ही जोडपेशी एकच, नेमकी एकाच गोष्टीला धरणारी अँटीबॉडी हवी तेवढी बनवत बसते. जनावराच्या रक्तातली भेसळ संपली तिथंच. त्या पद्धतीवर तेव्हा पेटंट घेतलं गेलं नाही आणि जगभर ती पसरली, १९८४ ला नोबेल मिळालं. पण अँटीबॉडी उंदराची, माणसाला परकीच. पुढं १९८५ ला जॉर्ज स्मिथनं दाखवलं की जिवाणूला खाणाऱ्या विषाणूच्या अंगावर आपल्याला हवं ते प्रोटीन दिसेल असं करता येतं, ग्रेगरी विंटरनं त्यावर माणसाच्या अँटीबॉडीचे तुकडे बसवले, आणि मग अब्जावधी वेगवेगळ्या तुकड्यांतून आपल्या विषाला घट्ट धरणारा कुठला ते गळाला लावून निवडता यायला लागलं, म्हणजे भाताच्या खळ्यात एकच जातीचं बी निवडून काढावं तसं. त्यांनाही २०१८ ला नोबेल मिळालं. यात ना घोडा लागतो ना उंदीर, अँटीबॉडी माणसाची, आणि ती बनवायची मोठ्या टाकीत वाढवलेल्या पेशींत.

हे काही स्वप्नातलं नाहीये. कॅन्सर, संधिवात यांची अशी औषधं आज तालुक्याच्या मेडिकलवाल्यालाही नावानं माहीत आहेत. बंगळूरच्या बायोकॉननं स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब २०१४ ला आपल्या बाजारात आणलं, म्हणजे अशी अँटीबॉडी टाकीत बनवायची कला आपल्या राज्यात आहे, बाहेरून शिकायला जायची गरज नाही.

सापाच्या बाबतीत मोठी बातमी २०२४ च्या फेब्रुवारीत आली. सुनगर यांची लॅब, अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था आणि लिव्हरपूलचे लोक, यांनी मिळून एक माणसाची अँटीबॉडी शोधली, तिचं नाव ९५मॅट५. नाग आणि मण्याराच्या विषात एक घटक असतो जो नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतो, पापण्या पडतात, जीभ जड होते, शेवटी छातीचे स्नायू थांबतात. आपल्या स्नायूवर ज्या जागी तो घटक जाऊन बसतो त्या जागेची नक्कल ही अँटीबॉडी करते, म्हणजे चोराला खऱ्या दारापर्यंत पोचायच्या आधीच खोट्या दारात अडकवायचं. वेगवेगळ्या खंडांतल्या सापांचा हा घटक वेगवेगळा असला तरी ती जागा एकच, म्हणून एक अँटीबॉडी अनेक सापांना चालते. एड्सच्या विषाणूविरुद्ध अशीच सर्वांना चालणारी अँटीबॉडी शोधायची जी रीत होती ती यांनी सापाला लावली. उंदरांवर ब्लॅक मांबा, आशियातला एक नाग आणि एक मण्यार, यांच्या विषातून जीव वाचले, आणि विष दिल्यावर थोड्या वेळानं अँटीबॉडी दिली तरी वाचले, ही गोष्ट महत्त्वाची आहे कारण दवाखान्यात कोणी विषाबरोबर औषध घेऊन येत नाही.

दुसऱ्या बाजूनं डेव्हिड बेकर यांच्या गटानं, ज्यांना प्रोटीन डिझाइनसाठी २०२४ चं नोबेल मिळालं, त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये कॉम्प्युटरवर रचलेली छोटी प्रोटीनं दाखवली, ती याच प्रकारच्या विषाला धरतात, उष्णतेत टिकतात आणि जिवाणूत बनवता येतात म्हणजे स्वस्त पडू शकतात. उंट आणि लामाच्या अंगातल्या छोट्या अँटीबॉडींवरही काम चाललंय.

आता यातलं कच्चं काय ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी खोटी आशा लावल्यासारखं होईल. हे सगळं अजून उंदरांपर्यंत आलंय. आणि ९५मॅट५ नाग-मण्याराच्या एका घटकावर आहे, घोणस आणि फुरशाच्या विषात रक्त गोठवणारी, रक्तवाहिन्या फोडणारी, मांस कुजवणारी वेगळी प्रोटीनं आहेत, त्यांच्यावर तिचा उपयोग नाही. काकांना तिनं वाचवलं नसतं. चारपाच अँटीबॉडींचं मिश्रण करावं लागेल, ते जमेपर्यंत घोड्याची लसच आपला आधार आहे आणि तिचा साठा कमी करा असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. माणसाची अँटीबॉडी दिली म्हणून रिॲक्शन शून्यावर येईल असंही नाही, पण घोड्याच्या प्रोटीनपेक्षा ती खूपच कमी राहावी अशी अपेक्षा ठेवायला पक्कं कारण आहे, आणि शुद्ध असल्यामुळं प्रोटीनही कमी लागेल.

माझ्या ओळखीत एक निवृत्त हेल्थ इन्स्पेक्टर आहेत, मला मानणारे, ते म्हणाले, अरे बाबा, लोक अजून देवळात नेतात, मांत्रिकाकडं नेतात, रस्ता नाही, ॲम्ब्युलन्स नाही, डॉक्टर टिकत नाहीत, आणि तू अँटीबॉडी घेऊन बसलायस, त्या पैशात दहा ॲम्ब्युलन्स येतील की. हा मुद्दा हलका नाही आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. २०२० मध्ये आलेला मोठा अभ्यास सांगतो की भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं सापानं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक गावात, पावसाळ्यात, आणि बरीचशी दवाखान्यात न पोचता घरीच. तर ॲम्ब्युलन्स पाहिजेतच. पण ॲम्ब्युलन्स आणून माणूस पीएचसीत पोचवला आणि तिथून परत पुढं पाठवला तर काय मिळवलं आपण? अडकतं ते पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरच्या धीरापाशी, आणि धीर ट्रेनिंगनं थोडा येतो पण औषध निर्धोक असेल तर पुष्कळ येतो.

याला आपल्याच भागातला दाखला आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत डॉ. हिम्मतराव बावस्कर होते, १९७० च्या दशकात. कोकणात लाल विंचू चावला की पोरं पटापट मरायची, शंभरातली तीस-चाळीस जात. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन नावाची ब्लड प्रेशरची साधी गोळी विंचवावर लागू पडते हे दाखवलं, लॅन्सेटमध्ये छापून आलं ते, आणि मरणाचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात आलं. हे का शक्य झालं? रस्ते काही तेव्हा सुधारले नव्हते. गोळी अशी होती की पीएचसीतला एकटा डॉक्टर न घाबरता देऊ शकत होता, म्हणून इलाज पेशंटजवळ आला. संशोधनानं गावच्या दवाखान्याला बळ दिलं, गावच्या दवाखान्याच्या तोंडचं काढून घेतलं नाही. सापाच्या औषधालाही तेच पाहिजे, आणि तिथं गोळी सापडलेली नाही तर अँटीबॉडी घडवावी लागणार आहे.

पैसा कोण घालणार हा खरा प्रश्न. कॅन्सरच्या अँटीबॉडीला गिऱ्हाईक आहे, विमा आहे. साप चावतो तो ऊसतोड्याला, भात कापणाऱ्या बाईला, जमिनीवर झोपलेल्या पोराला, त्यांच्याकडून कुठली कंपनी कमावणार? आफ्रिकेत हे घडून गेलंय, सनोफी कंपनीनं तिथली एक चांगली सर्पलस परवडत नाही म्हणून बंद केली, शेवटचा साठा जून २०१६ ला मुदतीबाहेर गेला. त्यामुळं हे सरकारच्या पैशानं व्हायला पाहिजे, आणि सरकारचा पैसा लागला तर हक्कही सरकारकडं राहिला पाहिजे, म्हणजे उद्या बाटली सरकारी दवाखान्यात फुकट देता येईल. कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे फार चांगलं पाऊल होतं. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये आराखडा काढला, २०३० पर्यंत मरणं निम्म्यावर आणायची. नोंदी झाल्या, उद्दिष्ट ठरलं, आता औषध बदलायला पैसे बाजूला काढा.

आणि यात बेळगावनं नुसतं मागत बसू नये. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की तिथं वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार व्हायची? देशात देवीची लस बनवणाऱ्या मोजक्या सरकारी जागांत बेळगाव होतं. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा पेशंट नोंदला गेला, म्हणजे ज्या वर्षी केंब्रिजला ती जोडपेशी बनली त्याच वर्षी. तेव्हा आपण जुन्या विद्येत पुढं होतो, नवीन विद्या आली आणि आपण तिथं फिरायचे ट्रॅक केले. नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, मेडिकल कॉलेजं आहेत, २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची माणसांवरची चाचणी देशात ज्या बारा ठिकाणी झाली त्यात बेळगावचं एक हॉस्पिटल होतं. सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या सापांच्या विषाचा साठा बेळगावात करणं, वनखात्याची परवानगी घेऊन, सर्पमित्रांना रीतसर शिकवून, हे अशक्य नाही. बंगळूरच्या लॅबला अँटीबॉडी निवडायला जे विष लागतं ते आपल्या घोणशीचं असलं पाहिजे, नाहीतर नवीन औषधही परत तिकडच्याच सापाचं होईल.

इथं सीमेची गोष्ट येते. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस साप चावला की बेळगावला येतो, कणकुंबीचा गोव्याला बांबोळीला जातो, नोंद कुठल्या राज्याच्या खात्यात पडते आणि कोण बघतं कुणास ठाऊक. साप तर एकाच डोंगराचे. तीन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी निदान या एका पट्ट्यापुरतं एकत्र रजिस्टर ठेवावं, त्यात कुणाची भाषा की कुणाची हद्द असा वाद आणू नये, मी मराठी माणूस म्हणून हे बोलतोय आणि मनापासून बोलतोय.

पण भाषेचा एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. उद्या ही नवीन औषधं माणसांवर तपासायची वेळ येईल तेव्हा ती इथंच तपासावी लागतील, जिथं साप चावतात तिथं. त्या वेळी संमतीचा कागद पेशंटच्या भाषेत असला पाहिजे, आणि तो वाचून दाखवणारा माणूस त्याच्या बोलीत समजावणारा पाहिजे. काकांच्या वेळी डायलिसिसच्या कागदावर मी सही केली, कागद कन्नड आणि इंग्रजीत होता, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, सिस्टर म्हणाल्या इथं करा, मी केली. जीव वाचवायचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रयोगाच्या औषधाची सही अशी घेतली तर ते पाप आहे. साप चावलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला पाच मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो, म्हणून गावागावात आधीच, ग्रामसभेत, आशाताईंच्या मार्फत, मराठीत आणि कन्नडमध्ये सांगून ठेवलं पाहिजे की असं औषध येतंय, ते काय आहे, ते नको म्हणालात तरी नेहमीची लस मिळणारच आहे. हे काम आजपासून सुरू होऊ शकतं, त्याला लॅबची वाट बघायला नको.

मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. आमच्या आसपासच्या गावांत गेल्या पाच वर्षांत ज्यांना साप चावला त्यांच्या घरी जाऊन दोन वेळा लिहून घेतोय, चावल्याची वेळ आणि पहिली बाटली लागल्याची वेळ, आणि मधे किती दवाखाने झाले ते. नावं नाही लिहीत, गाव पण नाही. तेवीस घरं झाली. सुगीच्या आत पन्नास करायचीत, मग ती वही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक प्रत बंगळूरला लॅबमध्ये पाठवणार आहे.